वेगळं काहीतरी करा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं ते असं: "चारचौघांसारखी साइट नको हं, काहीतरी हटके पाहिजे." दुसरं वाक्य बजेटचं असतं. आणि जाता जाता दारात उभं राहून तिसरं: "पण आमच्या आईलाही वापरता आली पाहिजे." पहिलं आणि तिसरं वाक्य एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मी मिरजेत वेबसाइटी करतो. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आला आणि ब्रश धुऊन ठेवावा लागला. पण हे भांडण तेव्हाही होतंच. किराणा दुकानदाराला अक्षर असं वळणदार हवं असायचं, की शेवटी 'किराणा' सोडून बाकी काहीही वाचलं जावं.

हे भांडण मुळात कर्तेपणाचं आहे असं मला वाटतं. नवं करणारा 'मी' कोण, त्या नव्यावर माझा हक्क किती, आणि माझं नवेपण दुसऱ्याला किती महाग पडावं, हे प्रश्न कॉम्प्युटरच्या फार आधीचे आहेत. पण आधी एक प्रत्यक्ष घडलेलं सांगतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील.

आमच्या भागात डोंगरावर एक देवस्थान आहे. नाव सांगत नाही. त्यांची साइट कुणी दुसऱ्या एजन्सीनं केली होती, ती बदलायचं काम माझ्याकडे आलं. साइट उघडली की पडदा काळा व्हायचा, मग एक समई उजळायची, घंटा वाजायची, ढग बाजूला सरायचे आणि शिखर दिसायचं. त्यानंतर पडद्यावर एक चक्र. चक्राला आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर एक चित्र: कमळ, शंख, कलश, पादुका वगैरे. अक्षर एकही नाही. चित्रं उत्तम होती. काढणाऱ्याचा हात चांगला होता, हे पेंटर म्हणून मी डोळे झाकून सांगतो.

देवस्थानच्या ऑफिसात सेक्रेटरींची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक बाई भक्तनिवासात खोली मिळते का ते विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, हे बघा, देवस्थानाची साइट. यातनं खोली बुक करून दाखवता?" त्यांनी चष्मा वर ढकलला, समई पेटेपर्यंत वाट बघितली, मग कलश दाबला. देणगीचं पान उघडलं. त्या दचकल्या, मागे आल्या, तर घंटा पुन्हा वाजली. ऑफिसातले चार लोक वळून बघायला लागले तशी त्यांनी फोन पदराखाली धरला. घंटा थांबल्यावर कमळ दाबलं. देवस्थानाचा इतिहास आला. तेव्हा फोन माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "ह्यात नंबर कुठाय हो? मी फोनच लावते." नंबर शंखात होता. आणि खोली पादुकांत.

आता त्या बाईंना अडाणी म्हणायची पद्धत आहे. पण त्या बाई गॅसचं बुकिंग फोनवर करतात, वीजबिल भरतात, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. हे सगळं त्या शिकल्या ते दुसऱ्या साइटींवर आणि दुसऱ्या ॲपांवर. याकोब निल्सन नावाचे या विषयातले जुने जाणकार आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की तुमच्या साइटीवर येणारा माणूस आपला बहुतेक वेळ इतरांच्या साइटींवर घालवत असतो, म्हणून तुमची साइटही तशीच चालेल अशी त्याची अपेक्षा असते. मेनूच्या त्या तीन आडव्या रेघा १९८१ च्या झेरॉक्स स्टार या मशीनसाठी नॉर्म कॉक्स यांनी काढल्या होत्या. लिंक निळी आणि अधोरेखित असते, कारण १९९३ च्या मोझेक ब्राउझरनं ती तशी दाखवली आणि लोकांच्या डोळ्यांत ती बसली. यात पवित्र काहीच नाही. निळ्याऐवजी तपकिरी रंग रूढ झाला असता तरी चाललं असतं. पण एकदा कोट्यवधी लोकांनी आपली नजर खर्चून ती सवय कमावली, की ती कुणा एकाची राहत नाही. मी लिंक राखाडी करतो आणि रेघ काढून टाकतो, तेव्हा मी दुसऱ्यांच्या कमाईवर पाणी ओतत असतो. तेही कशासाठी, तर माझं काम ओळखू यावं म्हणून.

इथे मला गीतेचा अठरावा अध्याय आठवतो. कर्माचा अहंकार सोडा, फळाची आशा धरू नका, हे सगळे ऐकवतात. पण त्याच अध्यायात एक अगदी हिशेबी यादी आहे: कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे बजावलं आहे, की असं असताना जो स्वतःलाच एकट्याला कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. जुने भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ लावतात; मी धंद्यापुरता थोडा सैल लावतो. वेबसाइटचं अधिष्ठान म्हणजे ब्राउझर, सर्व्हर, ज्यानं फुकटात फॉन्ट करून दिला तो माणूस. साधनं म्हणजे वाचणाऱ्याचा फोन, त्याची फुटलेली काच, उन्हात न दिसणारा पडदा. हालचाली म्हणजे त्याचा अंगठा. दैव म्हणजे डोंगरावरची रेंज. या पाचांत मी एक. पाचांतला एक जण उठून "ही माझी कलाकृती" म्हणतो तेव्हा उरलेले चौघं हसत असणार.

याचा अर्थ नवं काही करूच नये असा कुणी काढेल. बरेच जण काढतातही, आणि रेडिमेड टेम्प्लेट विकत घेऊन मोकळे होतात. त्यांना मी नवव्या शतकातल्या काश्मीरकडे पाठवेन. तिथे दोन माणसं जवळपास एकाच काळात या प्रश्नाशी झुंजत होती. एक जयंत भट्ट. राजानं एका निःशब्द जागी कोंडून ठेवलेलं असताना आपण 'न्यायमंजरी' हा न्यायशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला, असं ते स्वतः सांगतात. आणि ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबूल करतात की नवीन वस्तू आम्ही कुठून कल्पणार, आमच्या शब्दांच्या मांडणीत काही वेगळेपण असेल तर तेवढं बघा. इतका मोठा नैयायिक, आणि प्रस्तावनेत फक्त मांडणीचं श्रेय मागतो! आमच्याकडे प्रत्येक एजन्सीच्या 'आमच्याविषयी' पानावर पहिला शब्द 'क्रांतिकारी' असतो.

दुसरे आनंदवर्धन, काव्यशास्त्राचे पंडित. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, ते विचारतात, की दोन कवींचं सारखंच निघालं तर काय म्हणायचं? आणि सारखेपणाचे तीन प्रकार पाडतात. एक प्रतिबिंबासारखं: आरशातलं, स्वतःचं अंग नसलेलं. दुसरं चित्रासारखं: अंग आहे, पण पोकळ. तिसरं दोन माणसं एकमेकांसारखी दिसावीत तसं. पहिले दोन टाळा, तिसऱ्याला दोष देऊ नका, असा त्यांचा निकाल. कारण नाकडोळे त्याच जागी असले तरी आत जीव वेगळा आहे.

मला हा निकाल फार व्यवहारी वाटतो. लोगो बदलून तीच साइट सतरा जणांना विकणं हे प्रतिबिंब. तीच साइट भगवी करून देवस्थानाला आणि हिरवी करून खत कंपनीला देणं हे चित्र. आणि तिसरा प्रकार म्हणजे मेनू जिथे असतो तिथेच, शोधायची चौकट वर, फोन नंबर दिसेल असा, आणि तरीही पान उघडताच कळावं की हे त्याच डोंगरावरचं देवस्थान आहे. नाक चेहऱ्याच्या मध्ये आहे म्हणून कुणाचा चेहरा सामान्य ठरत नाही. नाक कानाजवळ नेलं तर तो चेहरा लक्षात राहील, एवढं खरं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर एकनाथांकडे बघा. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांत प्रती करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, ते त्यांनी ठाकठीक केले, आणि शेवटी सक्त ताकीद लिहून ठेवली की यात कुणी आपली ओवी घालू नये. ज्याला ओवी हुकमी येत होती, ज्याच्याकडे घालायला खूप काही होतं, तो हे म्हणतो. पण याच माणसानं भारुडं लिहिली. ती लिहिताना मात्र त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. वासुदेव, गोंधळी, जोशी: गावाला ज्यांचा सूर, ज्यांची चाल आणि ज्यांचे हातवारे आधीच ठाऊक, त्यांच्या तोंडी वेदान्त घातला. ऐकणाऱ्याला नवी रीत शिकावी लागली नाही. वासुदेव आला की दारात यायचं, हे त्याला माहीतच होतं. निल्सन यांनी पुढे जे सांगितलं ते पैठणच्या ओट्यावर आधीच घडत होतं, असं मी म्हटलं तर अभ्यासक मला मारायला धावतील. पण मला ते तसंच दिसतं. जिथे लोकांचा ठेवा जपायचा तिथे स्वतःची ओवी गिळायची, आणि जिथे असलेली रीत लोकांपर्यंत पोचत नाही तिथे बेधडक नवं करायचं. नाथांना दोन्ही जागा ओळखता आल्या.

आमच्या कामात ही दुसरी जागा कुठे आहे ते सांगतो, कारण वेबसाइट करणारे बहुतेक जण ती बघतच नाहीत. वेबच्या बऱ्याचशा रूढी इंग्रजी अक्षरासाठी घडल्या आहेत. लिंकखाली रेघ घ्या. इंग्रजीत बरीचशी अक्षरं ओळीवर बसतात, दोन-चारच खाली लोंबतात. रेघ त्यांना फारशी आड येत नाही. देवनागरीत अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, आणि अर्थाचा अर्धा कारभार खाली चालतो. 'गुरुकृपा', 'मूर्तिपूजा', 'पुण्यतिथी' यांच्याखाली रेघ मारा आणि बारीक अक्षरात फोनवर बघा: उकार ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही, ऋकार रेघेत बुडतो. आता ब्राउझर हुशार झाले, ते उकाराच्या जागी रेघ तोडतात. मग रेघेचे तुकडे तुकडे दिसतात. दुसरं, इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन आहे. ती मराठीला लावली की शिरोरेषा प्रत्येक अक्षरागणिक तुटते. पाटी रंगवताना आम्ही खडू लावलेला दोरा ताणून फाटकन सोडायचो, आधी ती रेघ उमटायची आणि मग तिच्याखाली अक्षरं. ती रेघ तुटली तर उस्ताद ब्रशची मागची बाजू बोटांवर मारायचे. आज मोठमोठ्या साइटींवर ती तुटलेली बघतो आणि बोटं आपोआप मिटतात. ओळींमधलं अंतरही तसंच. इंग्रजीच्या मापानं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला धडकतो.

इथे रूढी पाळणं हा आळस आहे. इथे मी रेघ खाली सरकवतो, जाड-बारीक करतो, नाहीतर रेघेऐवजी फिकट पट्टा देतो, ओळी मोकळ्या सोडतो. कुणी म्हणेल हे वेगळं दिसतं. दिसू दे. ते वेगळेपण माझ्या सहीसाठी आलेलं नाही, वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ दिसावं म्हणून आलेलं आहे. पुढे सगळेच तसं करायला लागले तर माझं नाव कुणाला आठवणारही नाही, आणि मला त्यात आनंदच आहे. (मंगल फॉन्ट ज्यांनी घडवला त्या र. कृ. जोशींचं नाव तरी तो रोज वाचणाऱ्या किती जणांना माहीत आहे?)

आता सुलभतेच्या भक्तांविषयीही दोन शब्द. हल्ली 'वापरायला सोपं' हा मंत्रच झाला आहे आणि त्याच्यापुढे प्रश्न विचारायची सोय उरलेली नाही. देवस्थानाच्या एका विश्वस्तांनी मला सुचवलं की खोली बुक करताना एक्कावन्न रुपये देणगीची खूण आधीच केलेली ठेवा, लोकांना तेवढाच त्रास कमी. सोपं होतंच ते! फार सोपं होतं. माणसानं काही न करता त्याच्या खात्यातून पैसे गेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या डिझाइनचे तेरा प्रकार नमूद केले. गिऱ्हाइकाला न विचारता बिलात वस्तू किंवा देणगी घुसडणं हा त्यातला एक. मी म्हटलं, "दुकानदाराला जे वर्ज्य ते देवाच्या दारात कसं चालेल?" ते गप्प बसले, पण खुश झाले नाहीत. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय, म्हणजे हिताचं, वेगळं आणि प्रेय, म्हणजे आवडीचं, वेगळं, आणि दोन्ही माणसाला बांधायला येतात. सोपं म्हणजे आपोआप चांगलं, असं यमालाही वाटत नव्हतं. माझ्या साइटीत देणगीची खूण रिकामी आहे. ज्याला द्यायची आहे त्यानं अंगठा उचलून द्यावी. दान आहे ते, चुकून घडता कामा नये.

आणि रूढी सगळ्या पाळल्यावर वेगळेपण कुठून आणायचं? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा तंबोरे बघत हिंडा. भोपळा, दांडी, चार खुंट्या, घोडी, सगळ्यांचं सारखं. तरी गवई विशिष्ट कारागिराकडेच येतो, कारण घोडीवर तो जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, कशी काढतो ते दुसऱ्याला जमत नाही. आमच्या कामातली ती जागा शोधायला मला देवस्थानाच्या ऑफिसातली एक वही उपयोगी पडली. तिथला कारकून भला माणूस; फोन आला की कोण काय विचारतं ते तो वहीत टिपायचा. कुणी सांगितलं नव्हतं, सवय म्हणून. वहीत इतिहासाविषयी एकही प्रश्न नव्हता. खोली, गाडी कुठवर येते, मंदिर दुपारी बंद असतं का, आणि पुन्हा पुन्हा एकच: पायऱ्या किती आहेत?

म्हणून नव्या साइटीवर आम्ही पायऱ्यांचं पान केलं. एकूण किती, बसायला कट्टे कितव्या पायरीला, कठडा डाव्या हाताला की उजव्या, पाणी कुठे, उन्हात पाय भाजतात ते नेमके कुठल्या टप्प्यात, डोली मिळते का आणि तिचं काय ते ठरलेलं भाडं. फोटो देवाचा एक आणि पायऱ्यांचे अनेक. असलं पान मी दुसऱ्या कुठल्या देवस्थानाच्या साइटीवर पाहिलेलं नव्हतं, आणि ते करताना हटके काही करतोय असं आमच्या मनातही आलं नाही. विश्वस्त आधी नाराज होते. "पायऱ्या काय दाखवताय, शिखर दाखवा." मी त्यांना वही दाखवली. आनंदवर्धन ज्याला जीव म्हणतात तो या साइटीत कुठे असेल तर त्या पायऱ्यांच्या पानात आहे. मेनू मात्र तिथेच, जिथे सगळ्यांचा असतो.

नुसत्या देखाव्यावर उभ्या असलेल्या नवेपणाचं वय किती असतं तेही सांगून टाकतो. २००० च्या आगेमागे फ्लॅशमध्ये केलेल्या साइटी, त्या उडणाऱ्या अक्षरांच्या आणि संगीताच्या, ज्यांच्या सीडी आम्ही गुरुमंत्रासारख्या जपायचो, त्या आज कुठल्याही नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशला हात जोडले. टिम बर्नर्स-ली यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं वेबचं पहिलं पान, नुसती अक्षरं आणि लिंका, सर्न या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये जुन्याच पत्त्यावर पुन्हा ठेवलं. ते आजच्या फोनवर विनातक्रार उघडतं.

तेव्हा तुमच्या संस्थेची, वाचनालयाची, देवस्थानाची साइट करून घ्यायची असेल तर माझ्यासारख्याला बोलावण्याआधी ऑफिसचा फोन उचलणाऱ्या माणसाला विचारा की लोक काय विचारतात. वही नसेल तर आजपासून घाला. आणि डेमो मीटिंगच्या मोठ्या पडद्यावर बघू नका. दर्शनबारीत उभ्या असलेल्या कुणाचा तरी फोन मागून घ्या, त्यावर बघा. घंटा वाजणार असेल तर आवाज बंद करून.